कागदावर ‘एईएस’ लिहिलं होतं, पण मुलीला झालं होतं काय?

प्रश्न विचारणारे गृहस्थ भंडारा जिल्ह्यातल्या एका गावचे. त्यांच्या शेजारच्या आळीत मातीच्या घरात राहणारी साडेपाच वर्षांची मुलगी ऐन पावसाळ्यात अचानक गेली. सकाळी ताप भरला, दुपारी दोन-तीन उलट्या झाल्या, रात्री झटके आले आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला नेताना वाटेतच संपलं. कागदावर इंग्रजी तीन अक्षरं, एईएस, आणि पुढे ‘कारण अज्ञात’. त्यांची स्वतःची दोन लेकरं आहेत, एक चार वर्षांचं, एक सात. ते विचारतात: हा आजार नेमका कोणता? एकाचा दुसऱ्याला लागतो का? लस आहे का? मोठ्या डॉक्टरांनाही कारण सापडत नाही, असं कसं? आणि मुलांना काही दिवस मामाकडे पाठवू का?

भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमची झोप त्याच्यापायीच उडाली असणार. तुम्ही वर्णन केलंय तसा आजार सोबत खेळल्याने किंवा एका ताटात जेवल्याने सहसा लागत नाही. आपल्या भागात तो बहुधा डासाने, वाळूमाशीने नाहीतर झुडपातल्या किड्याने पोचवावा लागतो. मामाचं गावही धानाच्या बांध्यांचं, मातीच्या घरांचं आणि दाराशी गोठा असलेलं असेल, तर तिकडे पाठवून हाती काही लागत नाही. मुलं तुमच्याजवळच ठेवा. पुढे ज्या खुणा सांगणार आहे, त्या आईबापाच्या नजरेला सगळ्यांत आधी दिसतात.

मी सव्वीस वर्षं विदर्भात लहान मुलांचा डॉक्टर आहे, त्यातली बरीच सरकारी वॉर्डात गेली. ‘एईएस’ ही अक्षरं मी स्वतः कितीतरी केसपेपरवर लिहिली आहेत. ‘अक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम’, म्हणजे अचानक दिसणारा मेंदूज्वराच्या लक्षणांचा गट, याची ही आद्याक्षरं. ते आजाराचं नाव नव्हे. अचानक ताप, आणि त्याबरोबर शुद्ध हरपणं, बरळणं, माणसं न ओळखणं, बोलणं बंद होणं किंवा नव्याने सुरू झालेले झटके, असं चित्र दिसलं की ही अक्षरं लिहायची, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. एकही केस मोजणीतून निसटू नये म्हणून ती मुद्दाम ढगळ ठेवलेली आहे. पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते, तशी ही नोंद. तपास तिथून पुढे सुरू व्हायचा असतो.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेतो. ‘हा आजार कोणता’ याला एक उत्तर नाही, कारण दहा-बारा निरनिराळे आजार एकच चेहरा घेऊन दवाखान्याच्या दारात येतात. मग विचारायचं ते असं, की यातले कोणते वेळेत ओळखले तर मूल वाचतं, आणि ओळख पटेपर्यंतच्या पहिल्या काही तासांत काय करायचं.

आपल्याकडे म्हणतात, ‘ताप डोक्यात गेला.’ नुसता ताप कधी डोक्यात जात नाही. पायाला सूज आली तर कातडी ताणली जाते, पण कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत मेंदू सुजला तर त्याला फुगायला जागाच नसते, मग तो स्वतःलाच दाबतो. त्यातही दोन तऱ्हा आहेत. काही आजारांत जंतू, किंवा शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा, मेंदूवर चालून जाते. तो खरा मेंदूदाह, एन्सेफलायटिस. काहींत मेंदूत जंतूचा पत्ताच नसतो. रक्तातली साखर संपलेली असते, यकृत बंद पडलेलं असतं किंवा विष भिनलेलं असतं. त्याला आम्ही एन्सेफलोपॅथी म्हणतो. झटके येणारं मूल आई पदराखाली घेऊन धावत येते, तेव्हा नुसत्या नजरेने या दोन तऱ्हा वेगळ्या करता येत नाहीत.

आता शेजारच्या मुलीबद्दल. मी तिला पाहिलेलं नाही, कागदही पाहिलेले नाहीत, त्यामुळे ठामपणे काही सांगणं चुकीचं होईल. पण पंधराच्या आतलं वय, पावसाळ्याचे दिवस, मातीचं घर आणि दीड दिवसात खेळ आटोपणं, हे वाचून विदर्भातल्या बहुतेक बालरोगतज्ज्ञांच्या मनात पहिलं नाव येईल ते चंडीपुरा. हे नाव आपल्याच मातीतलं. 1965 साली नागपूर भागातल्या चंडीपुरा इथल्या दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला, हा विषाणू सापडला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. रेबीजच्याच कुळातला. पण साधा ताप आणणारा म्हणून बरीच वर्षं त्याच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. 1980 मध्ये रायपूरकडच्या एका मेंदूज्वराच्या रुग्णात तो आढळला, तरी तेवढ्यावरच राहिलं. मग 2003 उजाडलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली आणि 183 गेली. त्याच पावसाळ्यात महाराष्ट्रातही मुलं दगावली. 2004 मध्ये गुजरात, 2007 मध्ये आपला नागपूर विभाग, आणि 2024 मध्ये पुन्हा गुजरात.

2024 चे आकडे जरा थांबून बघा. जूनच्या सुरुवातीपासून 15 ऑगस्टपर्यंत देशात, मुख्यतः गुजरातेत, एईएसच्या 245 केसेस नोंदल्या गेल्या, त्यात 82 मृत्यू. चंडीपुरा पक्का ठरला तो फक्त 64 जणांत. देशभराचं लक्ष लागलेलं असताना, नमुने तातडीने प्रयोगशाळेत जात असतानाही बाकीच्या 181 जणांत चंडीपुरा सिद्ध झाला नाही. तुमच्या शेजारच्या मुलीच्या कागदावर ‘अज्ञात’ का लिहिलं गेलं, ते यावरून थोडं लक्षात येईल.

चंडीपुरावर लस नाही, खास औषधही नाही. श्वास चालू ठेवणं, झटके थांबवणं, मेंदूची सूज आटोक्यात ठेवणं, साखर आणि क्षार सांभाळणं, एवढंच हातात असतं. तो पसरवते वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, अंगावर बारीक लव असलेली, भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकणारी. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्याचा ओलसर कोपरा, घराला लागून असलेला उकिरडा, इथे तिचं बस्तान. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आत शिरू शकते. म्हणून बारीक विणीची किंवा औषध लावलेली मच्छरदाणी वापरायची, भेगा बुजवायच्या, शेणखताचा खड्डा घरापासून लांब न्यायचा. आरोग्य खात्याची माणसं फवारणीला आली की त्यांना आतल्या खोलीतही येऊ द्या. देवघर आहे, धान्य भरून ठेवलंय, म्हणून लोक त्यांना ओसरीवरूनच परत पाठवतात आणि वाळूमाशी नेमकी त्याच अंधाऱ्या खोलीत बसलेली असते.

तुम्ही लसीचं विचारलंत, ती आहे जपानी मेंदूज्वराची. त्याला आम्ही जेई म्हणतो. हा धानपट्ट्याचा आजार. बांधीत साचलेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात, विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत नांदतो, आणि माणूस मध्येच सापडतो. माणसाच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो की त्याला चावलेला डास पुढे आजार नेऊ शकत नाही. लागण झालेल्या साधारण 250 जणांपैकी एकालाच गंभीर आजार होतो, पण ज्याला होतो त्याचे हाल होतात. मेंदूज्वर झालेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी 20 ते 30 टक्क्यांना कायमचं अपंगत्व येतं. ज्या जिल्ह्यांत जेई आढळतो, तिथे सरकारी कार्यक्रमात ही लस फुकट मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. दोन्ही मुलांची लसीची कार्डं उद्याच काढून बघा. डोस राहिला असेल तर वय उलटलं असं स्वतः ठरवू नका, आरोग्यसेविकेला विचारा.

पण जेईचं नाव एकदा बसलं की दुसरं काही दिसेनासं होतं, आणि याचीच मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. गोरखपूरचं उदाहरण आहे. तिथे 1978 पासून दर पावसाळ्यात मुलं मेंदूज्वराने जात होती. 2005 मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात हजाराहून जास्त बळी गेले, आणि 2006 पासून चीनमध्ये तयार झालेली जिवंत लस मोठ्या मोहिमांमधून टोचायला सुरुवात झाली. जेई कमी झाला. पण वॉर्ड भरतच राहिले, कारण रुग्णांत जेई आता थोडाच उरला होता. बाकीच्यांना काय होतंय, ते कळायला आणखी कित्येक वर्षं गेली. तपासण्या झाल्या तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात स्क्रब टायफसच्या खुणा सापडल्या. हा विषाणू नव्हे, हा जिवाणू. झुडपा-गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लांच्या चाव्याने तो अंगात शिरतो. आणि डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन या जुन्या, स्वस्त, कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या गोळ्यांनी तो बरा होतो. अट एकच, गोळी लवकर, शक्यतो मेंदू सुजायच्या आधी, पोटात गेली पाहिजे. पुढे तिथे तापाच्या मुलांना गावपातळीवरच ही औषधं लवकर द्यायचं धोरण आलं.

स्क्रब टायफस आपल्यापासून लांब नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर विभागात त्याने लोक दगावले. माझ्या हातून झालेली एक चूक मला इथे सांगायचीच आहे. काही वर्षांपूर्वी जंगलालगतच्या गावातला सात वर्षांचा मुलगा दाखल झाला होता. पाच दिवसांचा ताप, गुंगी, मान थोडी ताठ. नेहमीची इंजेक्शनं सुरू केली, सूज उतरवणारं सलाईन सुरू केलं, तीन दिवस फरक नाही. चौथ्या सकाळी अंग पुसताना सिस्टरने मला हाक मारली. चड्डीचा नाडा बसतो तिथे, त्वचेच्या घडीत, बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली होती. कडा लालसर, दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून मूल कधी बोललं नाही. किडा चावलेली जागा तीच. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी त्याने आईकडे वरण-भात मागितला. मी त्या मुलाला रोज तपासत होतो, पण चड्डी न काढता. तेव्हापासून तापाचं मूल मी काख, जांघ, कानामागे, डोक्याच्या केसांत असं सगळं बघितल्याशिवाय सोडत नाही. तुम्हीही घरी बघा. खपली सापडली नाही म्हणजे आजार नाही असं मात्र समजू नका, अनेकांत ती नसतेच.

दुसरी आठवण ठेवायची ती बिहारच्या मुझफ्फरपूरची. तिथे मे-जूनच्या उन्हात, लिचीच्या हंगामात, पहाटे पहाटे मुलं झटके येऊन बेशुद्ध व्हायची. रात्री चांगली झोपलेली पोरं. वर्षानुवर्षं विषाणूचा शोध चालला. 2014 च्या हंगामात तिथल्या दोन मोठ्या रुग्णालयांत अशी 390 मुलं दाखल झाली, त्यांपैकी 122 दगावली. त्या वेळी नीट मोजदाद झाली तेव्हा दिसलं, की ज्यांची साखर तपासली गेली त्यांतल्या 62 टक्के मुलांची साखर दाखल होताना 70 किंवा त्याहूनही खाली होती. ही मुलं दिवसभर बागेत पडलेली लिची खाऊन रात्री न जेवता झोपलेली असायची. कुपोषित मुलाच्या यकृतातला साखरेचा साठा म्हणजे तळ दिसणारी कणगी, मध्यरात्रीपर्यंतच तो संपतो. मग शरीर चरबी जाळून साखर करायला जातं, आणि लिचीतली दोन रसायनं, विशेषतः कच्च्या फळातली, नेमका तोच रस्ता अडवतात. पोटभर जेवलेल्या मुलाला लिचीने काही होत नाही, म्हणून घरात लिची आणायची भीती बाळगू नका. उपाय काय निघाला? मुलाला रात्री जेवू घाला, आणि झटके आलेल्या मुलाची साखर आधी तपासा. तरीही 2019 मध्ये तिथे दीडशेहून जास्त मुलं गेली. शोध लागणं आणि तो शेवटच्या झोपडीपर्यंत पोचणं यांत किती अंतर असतं, हे मुझफ्फरपूरने दाखवलं.

आपल्याकडे लिचीच्या बागा नाहीत, पण उपाशी झोपणारी मुलं आहेत. माझ्या टेबलावर ग्लुकोमीटर कायम असतो. दोन वर्षांपूर्वी ऊसतोड कामगारांच्या टोळीतलं चार वर्षांचं मूल आलं. दोन दिवस ताप, खाणं बंद, पहाटे झटका, डोळे अर्धवट मिटलेले, अंग थंडगार घामाने ओलं. बोटाला टोचलं, आकडा 28. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि काही मिनिटांत त्याने डोळे उघडून पाणी मागितलं. तो आकडा अर्धा तास उशिरा पाहिला असता तर मूल एकतर गेलं असतं, नाहीतर पुढे शाळेत जाण्यासारखं उरलं नसतं. ती पट्टी दहा-वीस रुपयांची असते.

बाकीची कारणं थोडक्यात. जिवाणूंचा मेनिन्जायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, आणि टीबीचा मेनिन्जायटिस, दोन्हींवर औषधं आहेत. मेंदूचा मलेरिया गडचिरोलीकडे आजही ध्यानात ठेवावा लागतो, त्याची तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते. हर्पीस विषाणूचा मेंदूदाह साथीत येत नाही, वर्षभरात कधीही एखाद्याच मुलाला होतो आणि असायक्लोव्हिर हे औषध लवकर मिळालं तर मूल वाचवता येतं. गोवर, गालगुंड, कांजिण्यांनंतरही मेंदूदाह होतो. त्यातला गोवराचा तर लस चुकवल्याचा थेट परिणाम. डेंग्यू, एन्टेरोव्हायरस, रेबीज हेही यादीत आहेत.

एका कारणावर मात्र थोडं जास्त बोलतो, कारण ते आपल्याकडे दवाखान्यापर्यंत पोचतच नाही. काही मुलांत, मुलींमध्ये अधिक, शरीराची संरक्षणयंत्रणा मेंदूतल्या विशिष्ट जागांवर उलटते. चांगली शाळेत जाणारी मुलगी अचानक रात्र-रात्र जागते, ओरडते, विचित्र हातवारे करते, तोंड वेडंवाकडं करते, मग बोलणंच थांबवते. हा आजार 2007 मध्ये नीट ओळखला गेला. त्याआधी अशा मुली वेड्यांच्या इस्पितळात जायच्या. आपल्या गावात आजही आधी देवऋष्याकडे जातात. स्टेरॉइड आणि तशाच उपचारांनी यातल्या बऱ्याच मुली पूर्ण बऱ्या होतात, मात्र उशीर जितका होतो तितकं बरं होणं लांबतं. घरात असं कोणी दिसलं तर अंगारा लावायचा असेल तर लावा, पण त्याच दिवशी दवाखान्यातही न्या.

म्हणजे आतापर्यंतचं एवढं: चंडीपुरावर औषध नाही, जेईवर औषध नाही पण लस आहे, आणि स्क्रब टायफस, साखर कमी होणं, जिवाणू, टीबी, मलेरिया, हर्पीस, संरक्षणयंत्रणेचा आजार यांवर उपचार आहेत. दारात आलेलं मूल कोणत्या रांगेतलं ते आम्हाला माहीत नसतं. म्हणून आम्ही त्याला उपचार असलेल्याच रांगेत धरून चालतो. पहिल्या तासात साखर, मलेरियाची तपासणी, प्रतिजैविक, लागलं तर डॉक्सिसायक्लिन आणि असायक्लोव्हिर, सगळं एकदम सुरू. अहवाल आला की एकेक कमी करतो. नातेवाईकांना वाटतं डॉक्टर गोंधळलेत, एवढी औषधं कशाला. पण इथे एकेक करून बघायला वेळच नसतो.

आता कारण का सापडत नाही ते. चंडीपुरात मूल इतक्या झपाट्याने जातं की रक्तात प्रतिपिंडं तयार व्हायलाही वेळ मिळत नाही. तेव्हा थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी लागते, आणि नमुना बर्फात नीट ठेवून वेळेत पाठवावा लागतो. जेईत उलटं, तिथे प्रतिपिंडंच शोधतात. पहिल्या दोन-चार दिवसांचा नमुना निगेटिव्ह येऊ शकतो, आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा घ्यावा लागतो, आणि तोवर पेशंट घरी गेलेला असतो नाहीतर जगात नसतो. शिवाय प्रयोगशाळा जे शोधायला सांगितलं तेच शोधते. ही उणीव फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1998 पासून मेंदूज्वराच्या रुग्णांची अत्यंत कसून तपासणी करणारा प्रकल्प चालला, तिथेही 60 टक्क्यांहून जास्त रुग्णांत कारण हाती लागलं नाही.

आणि एक कारण आपल्या हातातलं आहे: पाठीतलं पाणी. ते काढू देत नाहीत लोक. ‘पाणी काढलं की पोरगं लुळं होतं’, ‘पाणी काढलं आणि गेलं’. भाऊ, आधीच मरणाच्या दारात असलेल्या मुलाचं पाणी काढलं जातं, म्हणून काही मुलं त्यानंतर जातात. पाण्यामुळे जात नाहीत. कंबरेत जिथे सुई जाते तिथे मज्जारज्जू संपलेला असतो, खाली नुसत्या नसा पाण्यात तरंगत असतात. चमचाभरही पाणी काढत नाहीत आणि काही तासांत शरीर ते भरून काढतं. मेंदूत दाब फार वाढलेला असेल तर आम्हीच काढत नाही, थांबतो. पण ते थेंब मिळाले तर जिवाणू आहे, टीबी आहे की विषाणू, याचा अंदाज त्याच दिवशी येतो. मी पूर्वी नुसती सही मागायचो. आता कागदावर पाठीच्या कण्याचं चित्र काढून दाखवतो, पाच मिनिटं जातात, आणि बहुतेक आया हो म्हणतात.

या आजाराचं ओझं सरकारी तक्त्यात मृत्यूंच्या आकड्याने मोजतात. मला ते ओझं दर गुरुवारी ओपीडीत दिसतं. नऊ वर्षांचा एक मुलगा येतो, पाचव्या वर्षी जेई झालेला. आई त्याला कडेवर घेऊन येते, खांद्यावर लाळ पुसायला टॉवेल, पिशवीत झटक्यांच्या गोळ्यांची पट्टी. तो तिला ओळखतो, हसतो, पण चमचा धरता येत नाही. आजारात एमआरआय आणि खासगी आयसीयूच्या दहा दिवसांसाठी बैलजोडी विकली, पुढच्या वर्षी अर्धा एकर गेला. आई मजुरीला जायची, ती आता जात नाही, कारण याला सोडून जाता येत नाही. मोठ्या बहिणीची शाळा सातवीत सुटली. तक्त्यात हा मुलगा ‘बरा होऊन घरी गेला’ या रकान्यात आहे. त्याला फिजिओथेरपी लागते, अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, झटक्यांचं औषध एक दिवस न चुकता लागतं. यातल्या कशाचीही साथरोग विभागाच्या आकड्यात नोंद नाही. आणि हा आजार कोणाच्या घरी जातो तेही बघा. मातीच्या भिंती, रात्रीचं अर्धं जेवण, चुकलेली लस, शंभर किलोमीटरवरचा व्हेंटिलेटर. या चारही गोष्टी एकाच घरात असतात.

घरी काय करायचं ते नीट ऐका. ताप आलेल्या मुलाला पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या, ॲस्पिरिन अजिबात नको. खात नसेल तर गूळपाणी, साखरपाणी, पेज, जे जाईल ते देत राहा, रात्री रिकाम्या पोटी झोपवू नका. ताप असताना मूल वेगळं वागायला लागलं, हाक मारून नीट उठत नाही, नजर लागत नाही, असंबद्ध बोलतंय, उलट्या थांबत नाहीत, तर झटक्याची वाट न बघता निघा. सकाळ होऊ दे, गाडी मिळू दे, असं नको. 108 ला फोन करा. झटका आला तर एका कुशीवर वळवा, घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. शुद्ध नसेल तर तोंडातून पाणीही नाही. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य बोला: ‘डॉक्टर, साखर तपासा.’ कोणी रागावलं तरी बोला.

आणि एक, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत नुसत्या तापानेही झटका येतो. तो सहसा पाच-सात मिनिटांत थांबतो, थोड्या वेळाने मूल पूर्ववत होतं, मेंदूला इजा होत नाही. तुमचा धाकटा त्या वयाचा आहे, म्हणून सांगून ठेवतो. तरी पहिला झटका असेल तर तपासून घ्या, घरच्या घरी ठरवू नका.

शेजारच्या मुलीचे नमुने घेतले होते का, ते पुण्याला गेले का, हे तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी विचारा, ग्रामपंचायतीच्या शिक्क्याने. गावात फवारणी कधी होणार आणि तापाच्या मुलांचं घरोघरी सर्वेक्षण कधी सुरू होणार, तेही त्याच अर्जात लिहा. अहवाल यायला वेळ लागतो, दर आठवड्याला विचारत राहा.

तिच्या आईवडिलांकडे जमलं तर जाऊन या. ते दोघं रोज रात्री हिशोब मांडत असतील, दुपारी निघालो असतो तर, आधी नागपूरलाच गेलो असतो तर. त्यांना सांगा की सकाळच्या तापात आणि दोन उलट्यांत कुठल्याही आईबापाला, कुठल्याही डॉक्टरलाही, हे दिसलं नसतं. आणि चंडीपुरा असेल तर वेळेत आयसीयूत पोचलेली मुलंही आमच्या हातातून गेली आहेत.